बाबांचा डोडा घरच्या घरी बंद करायला जाऊ नका

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. आम्ही इंदूरला सुदामा नगरमध्ये राहतो. माझे सासरे ६९ वर्षांचे आहेत. बँकेच्या नोकरीत त्यांची बरीच वर्षं मंदसौर-नीमच भागात गेली. कधी विडी नाही, दारू नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी गुडघे फार दुखायला लागले. बीपी आणि शुगरच्या गोळ्या आधीच चालू होत्या, त्यात दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते असं त्यांनी ऐकलं. म्हणून तिकडच्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून डोडाचुरा (अफूच्या सुक्या बोंडांचा चुरा) मागवून ते उकळून प्यायला लागले. आधी सकाळी एक चमचा होता, आता सकाळी तीन आणि संध्याकाळी दोन. वर्षभर आम्हाला पत्ताच नव्हता. चहाची गाळणी एवढी काळी का पडते म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं.

दिवाळीनंतर ह्यांनी रागाच्या भरात अख्खा पुडा नालीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाबांना जांभया, शिंका, नाका-डोळ्यांतून पाणी. रात्री जुलाब सुरू झाले, रात्रभर पाय झाडत बसले होते. आम्हाला वाटलं पोट बिघडलं. ह्यांनी सासूबाईंची झोपेची अर्धी गोळी दिली, तरी डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी कोणाला तरी फोन केला, पुडा आला, आणि अर्ध्या तासात माणूस ठणठणीत. आता म्हणतात, "बघा, हे माझं औषधच आहे. झाडाचं आहे, कारखान्यातलं नाही."

फेब्रुवारीत पुण्याला नणंदेच्या मुलाची मुंज आहे. सख्ख्या नातवाची मुंज, पण बाबा यायचं टाळताहेत. नणंद म्हणते, नशामुक्ती केंद्रात ठेवा, महिनाभर कोंडून ठेवतात, सुटून जातं. ह्यांना भीती की इस्पितळात सांगितलं तर पोलीस येतील. सासूबाईंनी घाबरून घरातली खसखससुद्धा फेकून दिली. माझा मुलगा चार वर्षांचा आहे, तो दिवसभर आजोबांच्या मागेमागे असतो. हे व्यसन म्हणायचं का? आणि मुंजीच्या आत सुटेल का?
— एक सून, इंदूर

उत्तर :

ताई, मुंज, केंद्र, पोलीस या सगळ्याच्या आधी एक काम आजच करा. तो पुडा, ती गाळणी आणि उकळून ठेवलेलं पाणी, सगळं कुलपात जाऊ द्या. किल्ली बाबांकडे राहिली तरी हरकत नाही, पण ओट्यावर, फ्रिजमध्ये किंवा खाटेखाली तो कप एक मिनिटही उघडा राहता कामा नये. बाबांच्या शरीराला दोन वर्षांत जेवढ्याची सवय झाली आहे, त्यातले थोडे घोट चार वर्षांच्या मुलाचा श्वास थांबवू शकतात. अशा वेळी मूल रडत नाही, ओरडत नाही, नुसतं झोपतं. पूर्वी कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन झोपवत, आणि त्या झोपेतून न उठलेली मुलंही होती. चुकून पोरानं तोंडाला लावलंच, तर घरी उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा आणि तो काय प्यायला ते नाव घेऊन सांगा. लाजेपायी "काहीतरी प्यायला" एवढंच सांगितलं तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो.

आता बाबांचं.

"झाडाचं आहे" हे वाक्य मी ओपीडीत सतत ऐकते, आणि ते म्हणणाऱ्याचा त्यावर मनापासून विश्वास असतो, म्हणून त्याचं नीट उत्तर देते. अफूच्या बोंडात मॉर्फीन असतं, कोडीन असतं, थीबेन असतं. कॅन्सरच्या दुखण्यावर इस्पितळात देतात ते मॉर्फीन हेच. नीमचच्या सरकारी कारखान्यात शेतकऱ्यांच्या अफूतूनच औषधी घटक काढले जातात. जर्मनीतल्या सर्ट्युर्नरनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फीन वेगळं केलं, त्याचा सगळ्यात मोठा फायदा हा झाला की मात्रा मोजता यायला लागली. बाबांच्या चमच्यात नेमकं तेच होत नाही. बोंडाला चिरा देऊन चीक काढून घेतला की मागे उरलेल्या सालपटात मॉर्फीन कमी राहतं. चिरा न दिलेल्या बोंडात ते बरंचसं तसंच असतं. २०२१-२२ च्या हंगामापासून सरकारनं काही शेतकऱ्यांना चिरा न देता बोंडंच जमा करायचे परवाने दिले आहेत, म्हणजे आपल्या माळव्यात आता दोन्ही प्रकारची बोंडं पिकतात. बाबांच्या पुड्यातली कुठली, कुठल्या शेतातली, त्यात आणखी काय कुटून घातलंय, हे आणून देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मागच्या महिन्याचे तीन चमचे आणि या महिन्याचे तीन चमचे एकसारखे नसतात. एखाद्या दिवशी त्याच तीन चमच्यांत दुप्पट जोर असला, तर ६९ वर्षांच्या माणसाला ते झेपेलच असं नाही.

झाडाच्या नावाखाली आणखीही काही विकलं जातं. कामिनी विद्रावण रस नावाची आयुर्वेदिक गोळी मिळते, तिच्यात अफू असते. ग्रंथोक्त औषध आहे म्हणून लोक ती निर्धास्तपणे महिनोन्‌महिने रोज घेतात आणि अडकतात. औषध नियमांत अहिफेन, म्हणजे अफू, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. डोडा सोडवायला म्हणून कोणी ही गोळी सुचवली तर घेऊ नका.

किडनीची बाबांची भीती मात्र खोटी नाही. दुखण्याच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, आणि सोबत बीपी-शुगर असलं, तर मूत्रपिंडावर ताण येतोच. पण ज्या किडनीसाठी त्यांनी डोडा धरला, तिच्यासाठी तो बरा नाही. मॉर्फीन शरीरात गेल्यावर त्याचे जे घटक बनतात, ते मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात. मूत्रपिंड मंदावलं असेल तर ते साचत जातात, आणि त्यातला एक मॉर्फीनपेक्षाही जोरदार असतो. साठीनंतरच्या पुरुषांना अफूनं लघवी तुंबण्याचा त्रास होऊ शकतो. बद्धकोष्ठ तर ठरलेलंच. बाबा रात्री इसबगोल घेतात का, आणि कधीपासून, ते सासूबाईंना विचारा. आणि क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी), शुगर, लघवीची तपासणी या आठवड्यात करून घ्या. पुढच्या उपचारालाही ती लागणार आहे.

"हे माझं औषधच आहे" या त्यांच्या वाक्यापाशी मला जरा जास्त थांबायचं आहे. सगळी गाठ तिथे आहे.

उद्या पहाटे बाबांकडे लांबून लक्ष द्या. मागचा कप संध्याकाळी सहा-सातला झालेला असतो. पहाटे पाच-साडेपाचला जाग येते. एकामागून एक जांभया. डोळ्यांतून पाणी, नाक गळतं, अंगावर काटा येतो, पांघरूण घेतलं तर घाम आणि काढलं तर थंडी. पोटात कळ येते. आणि गुडघे, कंबर, पोटऱ्या, सगळं ठणकायला लागतं. मग कप होतो, अर्ध्या तासात ठणका उतरतो, आणि बाबा मोजे चढवून बागेकडे निघतात. त्यांना जे दिसतं ते इतकंच : दुखत होतं, घेतलं, थांबलं. पण पहाटेचं ते सगळं दुखणं गुडघ्याच्या झिजेचं नाही. त्यातलं बरंचसं, कालचा कप उतरल्याचं आहे. शरीरात बाहेरून रोज मॉर्फीन येऊ लागलं की मेंदू त्याच्याभोवती आपली घडी बसवतो, वेदना दाबायची स्वतःची व्यवस्था सैल सोडतो. मग ते मिळालं नाही की पूर्वी जेवढं दुखत नव्हतं तेवढं दुखायला लागतं. काही लोकांत तर रोज घेत असतानाही वेदना जास्त बोचायला लागते. एका चमच्याचे पाच झाले ते यामुळे. बाबा खोटं बोलत नाहीत, ताई. त्यांना खरंच दुखतं आणि त्या कपानं ते खरंच थांबतं. तो कप जे दुखणं थांबवतो त्यातलं पुष्कळसं त्यानंच उभं केलेलं असतं, हे त्यांना घरातला आरडाओरडा ऐकून कळणार नाही. कोणीतरी शांतपणे, त्यांच्या पहाटेचं वर्णन त्यांच्यासमोर ठेवून सांगायला हवं.

हे व्यसन का? काही आठवडे रोज अफू पोटात गेली की शरीर कोणाचंही अवलंबून राहतं, साधूचं असो की गुंडाचं. त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही. पण तुमच्या पत्रात त्याच्या पुढचंही दिसतं : मात्रा पाचपट झाली, वर्षभर लपवलं गेलं, बंद केल्यावर फोन करून मागवलं, आणि नातवाच्या मुंजीला जायचं टाळणं चाललं आहे. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बाबांना मुंजीचा कंटाळा नाही. पुण्याला कोणाच्या स्वयंपाकघरात, कुठल्या वेळी, कोणाच्या नजरेआड उकळायचं, आणि पुडा संपला तर काय, हा घोर त्यांना लागला आहे. तपासल्याशिवाय कागदावर निदान लिहीत नाही, पण उपचार लागतील याबद्दल मला शंका नाही. आणि तुमचंच घर असं आहे असं मानू नका. केंद्र सरकारनं एम्सकडून करवलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं. त्यात अफू, हेरॉइन आणि त्या जातीच्या गोळ्या-औषधं घेणारे देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक आहेत असं आढळलं.

दिवाळीनंतर घरात जे झालं ते पोट बिघडणं नव्हतं. शेवटच्या कपानंतर आठ-बारा तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं, आठ-दहा दिवसांत ओसरतं. झोप, उमेद आणि भूक ताळ्यावर यायला त्यापुढे आणखी काही आठवडे जातात. बाबांनी फोन केला तो नेमका शिगेच्या दिवशी. मनाचा कच्चेपणा म्हणून त्यांना हिणवू नका, तरणीताठी मुलंही त्याच दिवशी मोडतात.

अफू सुटताना कोणी मरत नाही, असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. धडधाकट तरुणाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरं असतं. बाबांच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, पोटात अन्न नाही, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र नेहमीसारख्या चालू. अशात रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, साखर उतरू शकते, मूत्रपिंड बसू शकतं. म्हणून पुडा पुन्हा फेकू नका. डॉक्टरांची भेट होईपर्यंत जे चालू आहे ते वाढवू द्यायचं नाही आणि एकदम तोडायचंही नाही.

सासूबाईंच्या गोळीबद्दल मला कडक बोलावं लागेल. डोडा आणि झोपेची गोळी ही जोडी जीवघेणी आहे, कारण दोन्ही श्वास मंदावतात. त्या रात्री बाबांच्या पोटात डोडा नव्हता म्हणून निभावलं. पुडा त्याच संध्याकाळी परत आला असता तर? दारू, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, मेडिकलवाल्यानं दिलेली ट्रॅमाडॉलची (अफूच्याच जातीची, दुखण्यावरची) गोळी, यांनाही हेच लागू आहे. बाबा कधी हाक मारून, हलवूनही उठत नसतील, घशातून घरघर येत असेल, श्वास मिनिटाला मोजकेच पडत असतील, ओठ-नखं निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसत असतील, तर गाढ झोप लागली आहे असं समजून पांघरूण घालू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, डोड्याचं नाव सांगा. इस्पितळात अफूचा असर उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन असतं, ते वेळेत मिळालं तर माणूस परत येतो. पण त्याचा असर डोड्याच्या आधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आले तरी लगेच घरी आणायची घाई करू नका.

आणखी एक धोका घरच्यांच्या ध्यानातच येत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा तोच आहे. आठ-पंधरा दिवस अफू बंद राहिली की शरीराची सहनशक्ती झपाट्यानं उतरते. मेंदूला मात्र जुनाच चमचा आठवत असतो. महिनाभर कोंडून ठेवून सोडलेला माणूस घरी येतो, पहिल्या दुखऱ्या पहाटे पूर्वीचेच तीन चमचे घेतो, आणि तेच आता त्याच्यासाठी जास्त होतात. "सुटलं" म्हणून घरच्यांनी पेढे वाटल्यानंतरचे हे आठवडे सगळ्यात जपण्याचे असतात. म्हणूनच नुसतं बंद करवणाऱ्या उपचारावर माझा भरवसा नाही.

मग करायचं काय? एमवायच्या (महाराजा यशवंतराव इस्पितळाच्या) मनोविकार विभागात किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात बाबांना घेऊन जा. बाणगंगा म्हटल्यावर घरात कपाळाला आठ्या पडतील, म्हणून हवं तर एमवायपासून सुरुवात करा, किंवा ओळखीचे मनोविकारतज्ज्ञ गाठा. कुठे जावं ते ठरत नसेल तर १४४४६ हा सरकारी, मोफत नंबर व्यसनमुक्तीसाठीच आहे, ते जवळचं केंद्र सांगतात. मन मोकळं करायला कोणी हवं असेल तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचे समुपदेशक मिळतात. तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करा. दोन वर्षं हे घर तुम्ही सांभाळलं आहे.

डॉक्टर बहुधा ब्युप्रेनॉर्फीनबद्दल बोलतील. ही गोळी जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते, गिळली तर फारशी उपयोगी पडत नाही. मेंदूत मॉर्फीन जिथे चिकटतं तिथेच ही चिकटते, त्याच्याहून घट्ट, पण असर अर्धवटच करते. त्यामुळे जांभया, जुलाब, ठणका थांबतो, झिंग येत नाही, आणि एका मर्यादेपुढे श्वास दाबला जात नाही. असर लांबतो, म्हणून बहुतेकांना दिवसातून एकदा पुरते. एक गोष्ट बाबांना आधीच सांगून ठेवा : पहिली गोळी अंगात डोडा भरलेला असताना घेतली तर ती त्याला ढकलून बाहेर काढते आणि सगळा त्रास एका तासात अंगावर कोसळतो. जांभया-काटा सुरू झाल्यावरच पहिली गोळी देतात. म्हणून शेवटचा कप किती वाजता झाला हे डॉक्टरांना खरं खरं सांगायचं. तिथे लपवलं आणि त्रास झाला, तर बाबा त्या गोळीला पुन्हा हात लावणार नाहीत. ब्युप्रेनॉर्फीन नको असेल तर त्रासापुरती औषधं देऊन सोडवण्याचाही मार्ग आहे, पण त्यातल्या क्लोनिडीननं रक्तदाब उतरतो आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा ते घरी करण्यासारखं नाही.

तुमचे यजमान म्हणतील, एक नशा काढून दुसरी लावली. हा आक्षेप प्रत्येक घरातून येतो. बाबा बीपीची गोळी रोज घेतात, तिला कोणी नशा म्हणत नाही, कारण तिच्यानं रक्तदाब ताब्यात राहतो आणि माणूस आपलं आयुष्य जगतो. ही गोळीही तशीच बघा. मात्रा मोजलेली, शुद्ध, चिठ्ठीवर मिळणारी. कोणाला फोन नाही, नालीपाशी भांडण नाही, पहाटेची तडफड नाही. किती महिने घ्यायची ते बाबा आणि त्यांचे डॉक्टर ठरवतील. वर्षभर किंवा त्याहून जास्त लागली तरी घाबरू नका, आणि "झालं ना आता बरं" म्हणत मध्येच तोडायला लावू नका. घाईनं तोडलेले बरेच जण परत जुन्या पुड्याकडे वळतात, आणि तेव्हा काय होतं ते वर लिहिलंच आहे.

कोंडून ठेवणाऱ्या केंद्राला माझं स्पष्ट नाही आहे, आणि हे नणंदबाईंनाही वाचायला द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. त्या कायद्यानं रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई आहे, आणि अशा संस्थेची नोंदणी लागते. कुठल्याही केंद्रात पाऊल टाकण्याआधी विचारा : नोंदणी आहे का, मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, रात्री नर्स असते का, घरच्यांना भेटू देतात का, बीपी-शुगरचं कोण बघतं. यातल्या एकाही प्रश्नाला टोलवाटोलवी झाली तर तिथून परत या. ६९ वर्षांच्या माणसाला अनोळखी जागी जुलाबात टाकून देणं हा उपचार नाही.

पोलिसांचं. डॉक्टर रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला बांधील असतात. उपचार मागायला आलेल्या माणसासाठी पोलीस बोलावणं हे आमचं काम नाही. डोडाचुरा १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखाली येतो हे खरं, पुडा बाळगणं गुन्हा आहे. पण त्याच कायद्याच्या ६४-अ कलमात, स्वतःच्या सेवनाच्या किंवा थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून सूट आहे. उपचार अर्धवट टाकले तर ती काढून घेता येते. पुडा पुरवणाऱ्याला ही सूट नाही, तेव्हा त्या ओळखीच्या माणसाशी घरातल्या कोणीही "थोडा जास्तच आणून ठेव" असा व्यवहार करू नये. शेजारच्या राजस्थानात नोंदणी केलेल्यांना परवान्याच्या दुकानातून डोडा मिळायचा, तोही २०१६ च्या एप्रिलपासून बंद आहे.

खसखशीला घाबरू नका. ती अफूच्याच बोंडातलं बी आहे, पण हे बी कायद्यातून वगळलेलं आहे, आणि अनारशावर लावतो किंवा खिरीत घालतो तेवढ्या खसखशीनं कोणाला सवय लागत नाही. सासूबाईंना खुशाल नवी आणू द्या. दुबईला जाणाऱ्या नातेवाइकांच्या सामानात मात्र ती कधीच घालू नका, तिकडे बंदी आहे.

गुडघा विसरायचा नाही. बाबा या वाटेला गेले ते त्या दुखण्यापायी, आणि तुम्ही डोडा काढून घेऊन गुडघा तसाच ठेवलात तर ते परत जाणार. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, एक्सरे काढा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओकडून शिकून रोज केले तर खूप फरक पडतो. वरून लावायचं मलम, ठरलेल्या मात्रेतलं पॅरासिटामॉल, वजन, काठी, गरज असेल तर सांधा बदलणं, हे सगळं किडनीचे रिपोर्ट समोर ठेवून ठरवता येतं. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोडा आणि ब्युप्रेनॉर्फीन दोन्ही सांगायचं, कारण त्यावर दुखण्याच्या औषधांचा हिशेब बदलतो.

हे सगळं बाबांशी कोणी बोलायचं? तुम्ही नाही. सुनेनं सासऱ्याचे चमचे मोजायचे, ही जबाबदारी तुमच्यावर पडू देऊ नका, त्यात तुमचं आणि त्यांचं नातं कायमचं बिघडेल. मुलानं बोलावं, सकाळी नाही, कप झाल्यावर दुपारी, दोघंच असताना. सुरुवात त्या फेकलेल्या पुड्यापासून करावी : "बाबा, त्या दिवशी मी चिडून फेकलं, तुम्हाला किती त्रास होईल ते मला माहीत नव्हतं. तुमचं दुखणं खोटं आहे असं कोणी म्हणत नाही. पण पहाटे तुमची जी अवस्था होते ती बघवत नाही. एकदा डॉक्टरांना फक्त विचारून येऊ." पहिल्या भेटीत सोडायचं वचन मागू नका, नुसतं भेटायला राजी करा. आयुष्यभर सुपारी न खाल्लेल्या माणसाला "व्यसनी" हा शब्द फार लागतो, तो घरात वापरूच नका. मुंजीतही चार पाहुण्यांत हा विषय काढायचा नाही, असं नणंदबाईंना आत्ताच सांगून ठेवा.

आणि मुंज. मुंजीच्या आत सुटेल का, असं विचारू नका. ती तारीख बाबांच्या उरावर ठेवली तर ते एक तर खोटं बोलतील, नाही तर येणार नाहीत. या महिन्यात उपचार सुरू झाले तर फेब्रुवारीपर्यंत गोळीवर त्यांची घडी बसलेली असेल अशी मला चांगली आशा आहे, आणि मग नातवाच्या मुंजीला जायला कसलीच अडचण नाही. तेवढ्या दिवसांच्या गोळ्या कशा मिळतील ते डॉक्टरांना आधीच्या भेटीतच विचारा. गोळ्या मूळ पाकिटात, चिठ्ठी सोबत, आणि दोन्ही तुमच्या यजमानांच्या बॅगेत असू द्या. उपचार तोवर सुरू झालेच नाहीत, तर मात्र पुडा सामानात घालून दुसऱ्या राज्यात जायचं नाही, आणि त्या चार दिवसांसाठी एकदम बंदही करायचं नाही. तशा वेळी बाबा आणि सासूबाई इंदूरलाच राहतील, सोबत घरातलं कोणीतरी थांबेल, आणि तुम्ही मुलाला घेऊन मुंजीला जाऊन या.